संगणकाला जादा पळवताना, आणि बायॉस बिघडल्यावर



आपल्या समाजातल्या बऱ्याच घरांत आता एक तरी असेंबल्ड संगणक असतो. मुलाने किंवा नातवाने हट्टाने सुटे भाग आणून जोडून घेतलेला. त्याच्यावर अभ्यास होतो, गेम होतात, घरातले फोटो असतात, कोणाच्या धंद्याचे टॅली असते. मग एक दिवस कानावर दोन शब्द येतात. एक ‘ओव्हरक्लॉकिंग’ आणि दुसरा ‘बायॉस अपडेट’. दोन्ही कामे बिनसली की दिसणारे दृश्य एकच असते. पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा काळाच्या काळा. दुकानात नेले की उत्तरही बहुधा एकच मिळते, “बोर्ड गेला, नवा टाका.”

पुष्कळ वेळा बोर्ड गेलेला नसतो. पण तो गेला आहे की नुसता रुसला आहे, हे कळण्यासाठी आत काय घडते याची थोडी माहिती हवी. मी काही अभियंता नाही, वाणिज्य शाखेचा माणूस. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हा विषय हौसेने शिकत आलो आहे. त्यामुळे जे सांगणार ते हिशेबाच्या भाषेत.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमके काय

प्रोसेसर हा तालावर काम करतो. मदरबोर्डवर एक मूळ ठोका असतो, आजच्या संगणकांत साधारण १०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा कोटी ठोके. प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो. गुणक ४० असेल तर वेग झाला ४००० मेगाहर्ट्झ, म्हणजेच ४ गिगाहर्ट्झ. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. त्यासाठी एक तर गुणक वाढवायचा, नाही तर मूळ ठोका.

कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा तो जास्त पळू शकतो तरी कसा? एकाच कारखान्यातून, एकाच साच्यातून निघालेल्या चिपा सगळ्या सारख्या नसतात. एकाच झाडाचे आंबे जसे सगळे एकसारखे गोड निघत नाहीत तसेच. कंपनी त्यांची चाचणी घेऊन प्रतवारी लावते आणि जो वेग छापते त्यात थोडी शिल्लक राखून ठेवते. ओव्हरक्लॉकिंग करणारा त्या शिल्लकीवर हात टाकतो. कोणाच्या चिपमध्ये शिल्लक जास्त, कोणाच्यात नावापुरती. हा नशिबाचा भाग आहे. म्हणून मित्राच्या संगणकावर चाललेला आकडा आपल्याकडेही चालेलच असे नाही.

या छंदाला खरी प्रसिद्धी मिळवून दिली ती इंटेलच्या सेलेरॉन ३०० ए या प्रोसेसरने, १९९८ साली. तो स्वस्तातला प्रोसेसर. त्याचा गुणक कंपनीने ४.५ वर कुलूपबंद केलेला होता आणि मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झचा, म्हणून वेग ३००. पण बोर्डवर मूळ ठोका १०० करता येत असे. तेवढा एक बदल केला की वेग थेट ४५०. म्हणजे दीडपट! पेंटियम टू ४५० हा त्या वेळचा महागडा प्रोसेसर. त्याच्या जवळपासचे काम स्वस्तातल्या प्रोसेसरकडून मिळू लागल्यावर लोक वेडे होतील नाही तर काय.

आज ती मजा राहिलेली नाही, आणि हे मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. २००८ पासून इंटेलने टर्बो बूस्ट आणले. पुढे एएमडीनेही तेच केले. म्हणजे आता प्रोसेसर स्वतःच तापमान आणि वीज पाहून जमेल तितका वर पळतो. पूर्वी जी शिल्लक आपल्या हाती होती, ती आता कंपनी स्वतःच वापरते. हाताने वाढवून मिळणारा फायदा त्यामुळे पुष्कळदा थोडकाच असतो. शिवाय सगळे प्रोसेसर हे करू देत नाहीत. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेतला बोर्ड लागतो. एएमडीचे बहुतेक रायझन मोकळे असतात, पण ए ३२० किंवा ए ५२० सारख्या साध्या बोर्डवर ती सोय नसते.

चक्रवाढ व्याजाचे गणित

वेग वाढवला की प्रोसेसरला जास्त व्होल्टेज लागू शकते. इथे खर्चाचे गणित सुरू होते. प्रोसेसर खात असलेली वीज ही वेगाच्या पटीत वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा वेग १० टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवले. मग वीज होईल १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३१ पट.

बँकेत काम केलेल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. शंभर रुपये दहा टक्के चक्रवाढ व्याजाने तीन वर्षे ठेवले की १३३ रुपये १० पैसे होतात. इथे मात्र हे व्याज आपल्याला मिळत नाही, भरावे लागते. वेग दहा टक्के आणि उष्णता तेहतीस टक्के. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच प्रकार.

ती सगळी उष्णता कूलरने बाहेर काढायची आणि खोलीच्या हवेत सोडायची. कूलर कितीही चांगला असला तरी तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत वीस अंशांच्या खोलीत ठीक चाललेले ओव्हरक्लॉकिंग आपल्या इंदूरच्या मे महिन्यात, दुपारी खोली अडतीस अंशांवर असताना, टिकेलच असे नाही. बाहेरचे अठरा अंश आतही जवळजवळ तितकेच वाढतात. बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या आसपास पोहोचले की स्वतःहून वेग कमी करून जीव वाचवतात. मग वाढवलेला वेग गेला कुठे? उन्हात. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण इथे तंतोतंत लागू आहे.

उष्णतेपेक्षाही जास्त व्होल्टेजचे दुखणे वाईट, कारण ते लगेच दिसत नाही. याची दोन ताजी उदाहरणे आहेत आणि दोन्हींत बिचाऱ्या ग्राहकांचा काही दोष नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर, विशेषतः ‘एक्स३डी’ प्रकारचे, बोर्डवरच जळाल्याच्या तक्रारी आल्या. त्यानंतर बोर्ड कंपन्यांनी नवे बायॉस काढून प्रोसेसरच्या एका भागाचे व्होल्टेज १.३ व्होल्टच्या वर जाणार नाही अशी मर्यादा घातली. पुढच्या वर्षी इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर अधूनमधून बंद पडू लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावरचा उपाय बायॉस अपडेटमधूनच आला आणि इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. परंतु ज्या चिपा आधीच खराब झाल्या होत्या त्या अपडेटने बऱ्या झाल्या नाहीत.

या उदाहरणांतून दोन गोष्टी घ्यायच्या. जादा व्होल्टेज ही विषाची परीक्षा आहे. आणि बायॉस अपडेट हा नुसता हौशी उद्योग नाही, कधी कधी तो करावाच लागतो.

न दिसणारी चूक

ओव्हरक्लॉकिंगमुळे संगणक बंद पडला तर ते एका परीने बरेच, कारण ते कळते तरी. खरी भीती आहे ती अर्धवट अस्थिर संगणकाची. तो सुरू होतो, गेमही चालतो, पण दहा कोटी बेरजांत एखादी चुकते. ती चूक एखाद्या फोटोत, एखाद्या फाइलीत, एखाद्या टॅलीच्या नोंदीत जाऊन बसते आणि महिन्यांनी उघडकीस येते. ताळेबंद जुळत नाही आणि कारण सापडत नाही, यासारखी डोकेदुखी नाही.

म्हणून माझा साधा नियम सांगतो. ज्या संगणकावर हिशेब, प्रबंध किंवा घरातले एकमेव फोटो आहेत त्याला जादा पळवू नये. पळवायचाच असेल तर आधी सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. गुणक एकेका पायरीने वाढवावा, प्रत्येक पायरीला सिनेबेंच किंवा प्राइम९५ सारखी कसोटी चालवून तापमान पाहावे, आणि रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावी. कसोटीत एक जरी चूक दिसली तरी एक पायरी मागे यावे. ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणू नये.

एक बारीक गोष्ट. रॅमचा वेग वाढवण्यासाठी बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाचे एक बटण असते. बहुतेक जण ते सहज चालू करतात. तांत्रिकदृष्ट्या तेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. संगणक विनाकारण अडखळत असेल तर सर्वांत आधी तेच बंद करून पाहावे.

आणि ज्यांचे काम पत्रव्यवहार, एक्सेल, व्हिडिओ कॉल आणि यूट्यूब एवढेच आहे, त्यांनी या वाटेला जाऊच नये. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली आणि रॅम ८ ची १६ जीबी केली, तर जो फरक पडेल तो ओव्हरक्लॉकिंगने कधीच पडणार नाही.

बायॉस कुठे राहते

संगणकाचे बटण दाबल्यावर विंडोज सुरू होण्याआधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो प्रोसेसर, रॅम, डिस्क, पडदा यांची हजेरी घेतो आणि मग विंडोजला हाक मारतो. हा प्रोग्रॅम म्हणजे बायॉस. हे नाव गॅरी किल्डॉल यांनी १९७५ च्या सुमारास आपल्या सीपी/एम प्रणालीसाठी वापरले. आजच्या बोर्डवरच्या प्रोग्रॅमचे खरे नाव यूईएफआय आहे, पण बोलताना सगळे बायॉसच म्हणतात.

हा प्रोग्रॅम डिस्कवर नसतो. मदरबोर्डवर नखाएवढी आठ पायांची एक फ्लॅश चिप असते, तिच्यात तो राहतो. आपण केलेल्या सेटिंग, म्हणजे वेळ, गुणक, व्होल्टेज, कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे वगैरे, वेगळ्या जागी साठवलेल्या असतात. त्या जागेला सीमॉस म्हणतात. संगणक बंद असताना घड्याळ चालू राहावे म्हणून बोर्डवर सीआर २०३२ हा रुपयाच्या नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल असतो.

हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढचे सगळे त्यावर उभे आहे. बायॉस म्हणजे शाखेचे नियमपुस्तक आणि सेटिंग म्हणजे रोजची वही. ओव्हरक्लॉकिंग फसले तर वहीत भलते लिहिले गेलेले असते. ते पान फाडले की काम होते. बायॉस अपडेट फसले तर नियमपुस्तकच अर्धवट छापलेले असते. तिथे वहीचे पान फाडून उपयोग नाही, पुस्तकच पुन्हा छापून घ्यावे लागते.

पुस्तक पुसले गेल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २६ एप्रिल १९९९ चे. तैवानमधल्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस त्या दिवशी जागा झाला. त्याने विंडोज ९५ आणि ९८ च्या संगणकांवर डिस्कचा सुरुवातीचा भाग तर खराब केलाच, पण काही बोर्डांवर बायॉसच्या चिपमध्येही भलतेसलते लिहून ठेवले. असे संगणक सुरूच होईनात. उपाय एकच, चिप काढून पुन्हा लिहिणे किंवा बदलणे. बायॉस बिघडले तरी घरच्या घरी परत येण्याची सोय हवी, हे अशा अनुभवांतूनच ठसले. आज बऱ्याच बोर्डांवर ती असते, पण मालकाला ठाऊक नसते.

ओव्हरक्लॉकिंग फसल्यावर

लक्षण असे. सेटिंग बदलून सेव्ह केले, संगणक पुन्हा सुरू झाला आणि पडदा काळा. किंवा तो सारखा चालू-बंद होतो. घाबरू नका. बरेच बोर्ड दोन-तीन प्रयत्नांनंतर स्वतःच मूळ सेटिंगवर येतात आणि तसा संदेश दाखवतात. तेव्हा आधी काही मिनिटे थांबा.

तरीही जागा झाला नाही तर संगणक बंद करा, मागची केबल काढा आणि पुढचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून आत उरलेली वीज निघून जाऊ द्या. आता बोर्डवर ‘क्लिअर सीमॉस’ लिहिलेल्या दोन पिना शोधा. त्यांची जागा बोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेली असते. त्या जम्परने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पाच-दहा सेकंद जोडा. काही बोर्डांना मागच्या बाजूला त्यासाठी बटणच असते. पिना सापडल्या नाहीत तर सेल काढून पाच-दहा मिनिटांनी परत बसवा. नव्या बोर्डांत नुसता सेल काढून सगळ्या सेटिंग जातीलच असे नाही, म्हणून पिनांचा मार्ग अधिक खात्रीचा.

यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला संगणक वेळ घेतो. विशेषतः डीडीआर५ रॅम असेल तर बोर्ड ती नव्याने तपासत बसतो आणि काही मिनिटे पडदा काळाच राहतो. इथेच बरेच जण अधीर होऊन पुन्हा बटण दाबतात आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. चहा ठेवा. चहा होईपर्यंत तो जागा होतो. मग तारीख-वेळ लावा आणि डिस्क कोणत्या पद्धतीने जोडली होती ती सेटिंग पूर्वीसारखी आहे ना ते पाहा. ती बदलली असेल तर विंडोज सुरू होत नाही, आणि लोकांना वाटते डिस्क गेली.

बायॉस अपडेट करण्यापूर्वी

पहिला प्रश्न, ते हवे आहे का? नवा प्रोसेसर बसवायचा आहे, सुरक्षेतली त्रुटी बुजवायची आहे, किंवा वर सांगितल्यासारखा ज्ञात दोष आहे, तर जरूर करा. नवी आवृत्ती आली आहे एवढ्यासाठीच करायचे नाही. चालत्या गाडीला खीळ घालू नये.

करायचे ठरले तर एवढी तयारी ठेवा:

१. बोर्डचे नाव पूर्ण लिहून घ्या, आवृत्तीच्या आकड्यासह. एकाच नावाच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीच्या बोर्डला वेगवेगळी फाइल लागू शकते. नाव बोर्डवर छापलेले असते आणि विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्येही दिसते.

२. फाइल बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. इतर कोठूनही नाही.

३. ओव्हरक्लॉकिंग आणि एक्सएमपी बंद करून सगळ्या सेटिंग मूळ जागी आणा. अस्थिर संगणकाच्या हातून नियमपुस्तक छापून घेणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

४. विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद करणारी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन ही सोय चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा आणि अपडेटपुरती ती सोय तात्पुरती थांबवा. बायॉस बदलले की कुलपाला मालक बदलल्यासारखे वाटते आणि ते किल्ली मागते. ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही आतले फोटो मिळत नाहीत. या यादीतली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच.

५. संगणक यूपीएसवर असू द्या. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली हवी आणि चार्जर लावलेला. पावसाळ्यात विजा कडाडत असताना हा मुहूर्त काढू नका.

६. शक्यतो विंडोजमधून अपडेट न करता बायॉसमधल्याच साधनाने करा. असुसमध्ये त्याचे नाव ईझेड फ्लॅश, एमएसआयमध्ये एम-फ्लॅश, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश.

अपडेट चालू असताना जुना मजकूर पुसला जातो आणि नवा लिहिला जातो. त्या मधल्या काही मिनिटांत वीज गेली तर चिपमध्ये अर्धे पुस्तक राहते. म्हणून पडदा थबकल्यासारखा वाटला तरी किमान अर्धा तास हात लावायचा नाही.

अपडेट फसल्यावर

गेल्या पावसाळ्यात आमच्या कॉलनीतल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या संगणकाचे असेच झाले. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली. दुकानदाराने सांगितले, बोर्ड गेला, बारा हजार लागतील, विंडोज नव्याने टाकावी लागेल, डेटाची हमी नाही. त्या डिस्कवर त्याचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता आणि आजीचे स्कॅन करून ठेवलेले जुने फोटो होते. “काका, बोर्ड जाऊ दे, फोटो तरी वाचतील ना?” असे तो विचारत आला. आम्ही कॅबिनेट फिरवून मागची बाजू पाहिली. तिथे ‘फ्लॅश बायॉस’ लिहिलेले एक छोटे बटण होते. एक पेन ड्राइव्ह आणि सात-आठ मिनिटे, एवढ्यात काम झाले. खर्च शून्य.

दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही. त्याला रोज पन्नास संगणक पाहायचे असतात आणि बोर्ड बदलणे त्याला सोपे पडते. पण आपल्याला आपला एकच पाहायचा असतो. तेव्हा पुढच्या पायऱ्या या क्रमाने करा.

पहिली, थांबणे आणि सीमॉस साफ करणे. अपडेट खरे तर पूर्ण झालेले असते आणि जुन्या सेटिंगमुळे अडलेले असते, असेही घडते.

दुसरी, बोर्डवर दोन बायॉस चिपा आहेत का ते पुस्तिकेत पाहणे. गिगाबाइटच्या अनेक बोर्डांवर ड्युअल बायॉस ही सोय असते. एक चिप बिघडली तर दुसरी कामाला येते.

तिसरी, मघाचे बटण. असुसमध्ये त्याला बायॉस फ्लॅशबॅक म्हणतात, एमएसआयमध्ये फ्लॅश बायॉस बटण, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश प्लस. याची गंमत अशी की त्याला चालणारे बायॉस लागतच नाही. बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर आणि रॅमही लागत नाही. बोर्डवर एक वेगळी छोटी चिप असते, ती एसएमपीएसच्या नुसत्या सावध विजेवर पेन ड्राइव्हमधली फाइल वाचून फ्लॅश चिपमध्ये लिहिते. पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा, ३२ जीबी किंवा त्याहून लहान घेतल्यास त्रास कमी. त्यात फक्त ती एक फाइल, आणि तिचे नाव कंपनीने सांगितल्याप्रमाणे बदललेले. एमएसआयला ‘एमएसआय डॉट रॉम’ लागते, गिगाबाइटला ‘गिगाबाइट डॉट बिन’. असुसच्या फाइलीबरोबर नाव बदलून देणारा छोटा प्रोग्रॅम येतो. संगणक बंद ठेवून, एसएमपीएसचे बटण चालू ठेवून, ठरवून दिलेल्या यूएसबी खाचेतच पेन ड्राइव्ह लावायचा आणि बटण दाबायचे. असुसमध्ये ते दिवा तीनदा लुकलुके​पर्यंत, सुमारे तीन सेकंद दाबून धरावे लागते. काम चालू असेपर्यंत दिवा लुकलुकतो, संपले की विझतो. दिवा थोडा लुकलुकून तसाच पेटलेला राहिला तर समजावे की फाइल ओळखता आलेली नाही. नाव, फॉरमॅट किंवा खाच यांपैकी काहीतरी चुकले आहे.

चौथी, लॅपटॉपसाठी. एचपीच्या अनेक लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि ‘बी’ ही कळ धरून पॉवरचे बटण दाबले की रिकव्हरी सुरू होते. डेलच्या अनेक लॅपटॉपवर कंट्रोल आणि एस्केप दाबून धरून चार्जर जोडायचा असतो. पेन ड्राइव्ह कसा तयार करायचा ते कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेलनुसार दिलेले असते.

पाचवी, चिप बाहेरून लिहिणे. यासाठी प्रोग्रॅमर नावाचे छोटे उपकरण असते. चिमट्याने ते चिपच्या आठ पायांना जोडतात आणि दुसऱ्या संगणकावरून फाइल लिहितात. हे चांगल्या दुरुस्तीवाल्याचे काम आहे, कारण काही चिपा ३.३ व्होल्टच्या असतात, काही १.८ च्या, आणि चुकीचे व्होल्टेज दिले तर चिप खरोखरच जाते. दुकानात गेल्यावर “बोर्ड बघा” असे मोघम न सांगता “बायॉस चिप प्रोग्रॅम करून द्याल का?” असे विचारा. हा एक प्रश्न विचारला की समोरच्याच्या उत्तरातच पुष्कळ काही कळते. या कामाची मजुरी नव्या बोर्डच्या किमतीपुढे फारच थोडी असते.

बोर्ड वॉरंटीत असेल तर पाचव्या पायरीच्या आधी कंपनीच्या सेवा केंद्रात जा.

या सगळ्यात डिस्कला काहीही झालेले नसते. बायॉस डिस्कवर नसल्यामुळे ते बिघडले म्हणून फोटो पुसले जात नाहीत. तेव्हा कोणी “फॉरमॅट मारावे लागेल” म्हणाला तर आधी डिस्क काढून घरी आणा. दुसऱ्या संगणकाला जोडून ती वाचता येते, मात्र बिटलॉकर असेल तर ती ४८ आकडी किल्ली हवी.

आज करण्यासारखे काम

संगणक चालू आहे तोवर एका कागदावर पाच गोष्टी लिहून ठेवा. बोर्डचे पूर्ण नाव आणि आवृत्ती. सध्याच्या बायॉसचा क्रमांक. मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचे बटण आहे की नाही आणि त्याची यूएसबी खाच कोणती. बोर्ड व प्रोसेसर यांच्या खरेदीची तारीख, बिलासह. आणि बिटलॉकरची किल्ली. हा कागद कॅबिनेटला चिकटवू नका, किल्ली कुलपाला टांगून ठेवत नाहीत. पासबुके आणि विम्याची कागदपत्रे ज्या फाइलीत ठेवता त्या फाइलीत ठेवा, आणि ती फाइल कुठे आहे हे घरात आणखी एकाला सांगून ठेवा.